दिवाळीनंतर खोली ठेवायची की नाही

१२ जून १९९८

सोमवारी शाळा सुरू. वैशूला सातवीचं नवं पुस्तक एकच घेतलं, गणिताचं. बाकीची मागच्या गल्लीतल्या मुलीची जुनी. काही बोलली नाही. कव्हरं घालत बसली.

संध्याकाळी कमळाबेन आल्या. घरमालकीण. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार. "बधुं मोंघुं थई गयुं, रेखाबेन. हुं शुं करुं?" मी म्हटलं, आमचा पगार तेवढा मोंघा झाला नाही. हसल्या. भाडं मात्र वाढलंच.

हे पांडेसऱ्याहून आले ते हिरवे हात घेऊन. मिलमध्ये आज हिरव्या रंगाचं काम होतं, कोपरापर्यंत हिरवे. भाड्याचं सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दिवाळीनंतर तू नि वैशू गावले राहा. मी आठे पोऱ्यासनासंगे एक खोलीमा राही लिसू."

एवढंच. मग भाजी मागितली. मी वाढली.

१३ जून

यांचं बोलणं चुकीचं असतं तर भांडले असते.

गावी भाडं नाही. पाणी विहिरीचं. रेशनकार्ड गावचं, त्यावर साखर, रॉकेल. इथे सुरतेत अकरा वर्षं राहूनही आम्ही परगावचेच. इथलं कार्ड नाही, म्हणून रॉकेल काळ्या बाजारातलं. इथले लोक घासतेल म्हणतात, नाव काही म्हणा, आम्हाला ते दुपटीनेच पडतं. डाळ सुट्टी, तेल सुट्टं, साखर सुट्टी. जो थोडं थोडं घेतो त्याला सगळं महाग, आणि एकदम घ्यायला कधी जमत नाही.

पण गावी जाऊन मी काय करू. सासूबाई एकट्या आहेत, आनंदच होईल त्यांना. त्यांचा राग नाही. पण अकरा वर्षांत मला या नवागाम वस्तीची सवय झालीय. इथे मी कुणाची सून नाही, नुसती रेखाबेन.

वैशूला अजून सांगितलेलं नाही.

२८ जून

रविवार. हे दुपारी झोपले होते. मी शेजारच्या शोभाताईकडे गहू निवडायला बसले. ती बुलढाण्याकडची, नवरा बांधकामावर. तिला सांगितलं. ती म्हणे, "काऊन जाता? एकदा गेलं की येनं होत नाही मंग. मायी जाऊ गेली दोन महिन्यासाठी, तिले चार वर्सं झाले."

असं काही ऐकायचं नव्हतं मला.

२ जुलै

संजय आला होता. माझा धाकटा दीर. लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, काम करतो, आठजणांत एक खोली, जेवण एका लॉजमध्ये. त्या लॉजवाल्याने महिन्याचा दर वाढवला आणि डाळीत पाणीही वाढवलं. संजय म्हणाला, "डाळमा चेहरा दिखस, वहिनी." दोन दिवसांचा उपाशी असल्यासारखा जेवला.

उठताना म्हणाला, "वहिनी, मी तठे पैसा देस, ते तुमले दिसू. पण माले घरनं जेवण पाहिजे. आखो दोनजण शेतस."

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते. संजय गेल्यावर म्हणाले, "लोकेसना ताटल्या धोशी?"

मी म्हटलं, आपल्या तिघांच्या धुतेच की. आणखी तीन.

नाही मात्र म्हणाले नाहीत.

६ जुलै

आजपासून सुरू. संजय, जिभाऊ आणि प्रल्हाद.

जिभाऊ चोपड्याकडचे, पन्नाशीच्या पुढचे. खात्यात सगळे जिभाऊच म्हणतात. जेवताना एक शब्द बोलत नाहीत. जेवून झालं की ताटाला हात लावून नमस्कार करतात. मला कसंतरी झालं. प्रल्हाद शोभाताईच्या गावाकडचा, पंचविशीचा, बडबड्या. त्याला रोज ठेचा हवा. "वहिनी, ठेचा नसला तं जेवन झालं असं वाटतच नाही."

वांग्याची भाजी, भाकरी, फोडणीचं वरण. भाकऱ्या पुरल्या. आम्हा दोघींना भात उरला.

हे, ती तिघं उठेपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहिले. मग आत आले नि एकटे जेवले.

१९ जुलै

आता सहाजण. साक्रीकडचे दोघं भाऊ आणि संजयच्या खोलीतला एक वाढले. खोलीत एकदम बसत नाहीत, तीन-तीन बसतात. दुसरी पंगत ओट्यावर वाट बघते. उधन्याहून एक मोठं पातेलं आणलं, जुन्या भांड्यांच्या दुकानातून. बुडाला पोचे आहेत पण गळत नाही.

पहाटे उठते. हे कामावर जायच्या आधी पहिल्या पाळीवाल्यांचे डबे. दुपारी दळण, भाजी, पाणी. संध्याकाळी सगळे. कंबर म्हणून काही आहे हे आता रोज कळतं.

वैशू ताटं धुते. मी सांगितलं नव्हतं, आपण होऊन धुते. अभ्यासाला शोभाताईच्या दारात बसते, कारण आपल्याकडे जागा नसते.

महिन्याचं भाडं माझ्या पैशांतून दिलं. कमळाबेनला नोटा देताना उगाच दोनदा मोजून दिल्या.

३ ऑगस्ट

कांदा चढायला लागलाय. आमच्या काळ्या मसाल्याचा जीव कांद्यात. कांदा आणि खोबरं भाजायचं, वाटायचं, मग रस्सा. कांदा निम्मा केला तर रस्सा पांचट होतो.

आज भाजलेले शेंगदाणे, तीळ आणि डाळ्या वाटून घातल्या. रंग आला. दाटपणा आला. गोडसर झालं जरा. मिरची वाढवली.

संजयला कळलंच नाही. प्रल्हाद म्हणाला, "आज काहीतरी येगळं हाय, पन चांगलं हाय." जिभाऊंनी फक्त एकदा मान वर करून बघितलं. त्यांना कळलं असणार.

११ ऑगस्ट

कमळाबेनशी वाजलं. पाणी. नळ सकाळी थोडाच वेळ येतो, आणि मी दोन पिंपं भरते म्हणून बाकीच्या खोल्यांची ओरड. "आ घर छे, होटल नथी." सगळ्यांसमोर म्हणाल्या.

मी म्हटलं, मी माझ्याच वाटणीचं भरते, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं भरते. खरं तर कधी कधी सगळ्यांच्या आधीही भरते.

शेवटी ठरलं: पाण्याचे वेगळे द्यायचे. म्हणजे भाडं दुसऱ्यांदा वाढलं, नाव फक्त वेगळं.

यांना सांगितलं नाही. यांना शोभाताईच्या नवऱ्याकडून कळलं. जेवताना म्हणाले, "मिलमा बी सांगतस लोक. भगवानभाऊनी बायको मेस चालाडस." मग थोड्या वेळाने, "दिवाळीलोंग ठीक शे."

म्हणजे दिवाळीपर्यंत ठीक. यांच्या डोक्यात दिवाळीनंतरचं ठरलेलंच आहे. गावी निरोपही गेलाय, संजयने सांगितलं. सासूबाईंना कळवलंय की आम्ही येतोय.

मला न सांगता.

१२ ऑगस्ट

आज यांच्याशी बोलले नाही. यांच्या लक्षात आलं की नाही कळत नाही.

२२ ऑगस्ट

पोळा. इथे बैल नाही, गोठा नाही, पण सहाच्या सहाजणांना पुरणपोळी हवी. संजय म्हणे खापरावरची. म्हटलं, नवागामात खापर कुठून आणू, तव्यावरच्या खा. डाळ, गूळ, तूप नाहीच, तेल लावलं. एका दिवसात आठवड्याचं गेलं. तरी केलं.

जिभाऊंनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी कागदात बांधून मागितली. कुणासाठी? त्यांचं इथे कुणी नाही. मी विचारलं नाही. दिली. मग प्रल्हादने सांगितलं, त्यांच्या खात्याच्या मागे कुणाचा तरी टांग्याचा घोडा बांधलेला असतो, त्याला घातली. सणाला जनावराला घास द्यायचा म्हणून.

हे आज सगळ्यांच्या पंगतीला बसले. पहिल्यांदा. पोळा होता म्हणून असेल.

७ सप्टेंबर

कांदा बघवत नाही. भाजीवाली हातगाडीवर कांदे सगळ्यात पुढे मांडायची, आता मागे, तिच्या मांडीजवळ ठेवते. पाव किलो मागितला तर म्हणे, "पाव? आज तो लोग दो-दो नंग ले जाते हैं."

ताटात कांद्याच्या फोडीऐवजी मुळा ठेवला. प्रल्हादने मुळा उचलून बघितला, परत ठेवला. "वहिनी, हे काय?" मी म्हटलं, कांद्याचा भाऊ. सगळे हसले. मुळा तसाच राहिला.

जिभाऊंनी विचारलं, "कांदा नही का, माय?"

"नाही, जिभाऊ."

"बरं."

१० सप्टेंबर

जेवायच्या आधी सगळ्यांना बसवून सांगितलं. दर वाढवावा लागेल. बटाटाही चढला, तेलही चढलं. हे बाहेर होते.

प्रल्हाद लगेच हो म्हणाला. साक्रीकडचे दोघं भाऊ फार बोलत नाहीत. थोरला म्हणाला, "ताई, आम्हनाबी पगार तोच शे." खोटं नाही. मी कमळाबेनला जे म्हटलं होतं तेच तो मला म्हणाला, आणि मी कमळाबेनसारखीच हसले.

दोघं भाऊ उद्यापासून येणार नाहीत. दुसऱ्या लॉजमध्ये स्वस्त आहे म्हणे.

जिभाऊ जेवायला बसले, शर्टाच्या खिशातून एक कांदा काढला, हाताने फोडला, राहिलेल्या चौघांत वाटला. त्यातला एक तुकडा ताटाच्या कडेला ठेवून म्हणाले, "हाऊ तुना."

मी तो भाकरीबरोबर खाल्ला. सगळे गेल्यावर.

१७ सप्टेंबर

नदीला पाणी आलंय. तिकडे पलीकडच्या भागात लोक गच्चीवर बसलेत असं ऐकलं. आपल्याकडे कोरडं. पण भाजीचे ट्रक नाहीत. तीन दिवस पिठलं, उडदाची डाळ, पुन्हा पिठलं. कुणी कुरकुरलं नाही. साक्रीचा धाकटा भाऊ आज दारात येऊन उभा राहिला. त्यांचा लॉजवाला बंद आहे. बस म्हटलं. बसला. पैशाचं काही बोलले नाही, तोही बोलला नाही.

२४ सप्टेंबर

नवरात्र. सोसायट्यांमध्ये गरबा, लाउडस्पीकर. वैशूला घागरा नाही, ओढणी बांधून गेली. बरं नाचते. गुजराती मुलींमध्ये वेगळी दिसत नाही. येताना त्यांच्याशी गुजरातीत बोलत आली आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकल्यावर मराठी.

यांची मिल एकाच पाळीवर आली. कापड उचललं जात नाही, गोदामं भरलीत. यांची पाळी बंद. सुपरवायझर म्हणाला दिवाळीनंतर बघू.

म्हणजे आता घरात पैसे येतात ते फक्त ताटांचे. हे मी मोठ्याने म्हणाले नाही. यांना काय ते माहीत आहे.

२७ सप्टेंबर

तीन दिवस हे घरात. कुठे बसावं तेच कळत नाही यांना. मी स्वयंपाक करते तेव्हा ओट्यावर. ओट्यावर लोक येतात तेव्हा नाक्यावर. हातांवरचा मिलचा रंग आता उतरत आलाय. लग्नानंतर पहिल्यांदा यांचे हात मूळ रंगाचे बघतेय.

आज चहा देताना म्हणाले, "भाजी मी आणू का?"

१ ऑक्टोबर

दसरा. आज एक गोष्ट झाली.

संध्याकाळी माझ्या हाताला वाफ लागली. फार नाही, पण पातेलं उचलवेना. पंगत बसलेली. हे ओट्यावरून उठले, आत आले, चप्पल काढली, माझ्या हातातला डाव घेतला आणि वाढायला लागले. पहिलं ताट जिभाऊंचं. वाकून, नीट, वरण भातावर, भाजी बाजूला. जसं काही रोजचंच.

संजय घास हातात धरून बघतच राहिला. भावाला असं कधी पाहिलं नसेल. प्रल्हाद म्हणाला, "दादा, ठेचा." हे म्हणाले, "थांब, देस."

मी हात पाण्यात बुडवून कोपऱ्यात बसले होते. दुखत होतं, पण उठावंसं वाटलं नाही.

७ ऑक्टोबर

हे आता पहाटे सायकलने मोठ्या मार्केटला जातात. ट्रक उतरतो तिथून घेतात. नाक्यापेक्षा बरंच स्वस्त. कांदा मिळाला नाहीच, पण वांगी, गवार, दुधी. दोन गोण्या हँडलला. घासाघीस करतात भावात, मला जमत नाही तसं. मार्केटमधल्या एका बाईने यांना विचारलं, होटल क्यां छे तमारी? यांनी सांगितलं, नवागाम. मला येऊन सांगताना हसले.

तेलाच्या दुकानात कमळाबेन भेटल्या. हातात स्टीलची किटली. सुट्टं सिंगतेल, शेंगदाण्याचं, घ्यायला. दरवर्षी दिवाळीआधी त्यांच्याकडे तेलाचा डबा येतो, अख्खा, हमालाच्या डोक्यावरून, सगळ्या गल्लीला दिसेल असा. मला बघून तोंड फिरवलं. मग स्वतःच जवळ आल्या. "कोईने कहेता नहीं, हं."

नाही सांगणार म्हटलं. इथे लिहिलं तेवढंच.

परत येताना दोघी बरोबर चाललो. पाण्याच्या पैशाचं काही निघालं नाही. त्यांनी विचारलं, दिवाळीनंतर खोली सोडणार का? एक कडोदऱ्याचा माणूस विचारतोय, जास्त भाडं देईल. मी म्हटलं, अजून नक्की नाही. त्या म्हणाल्या, "कहेजो." आधी तुम्हालाच विचारीन, असंही म्हणाल्या.

११ ऑक्टोबर

वैशूचे सहामाहीचे पेपर मिळाले. गणितात काठावर. मागच्या वर्षी वर्गात तिसरी होती.

ओरडले. ताटं घासत होती, घासतच राहिली. मग म्हणाली, "मम्मी, मी कधी अभ्यास करू?"

मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

मग म्हणाली, "आपण गावी जाणार ना? मी बाईंना सांगून टाकलंय." कुणी सांगितलं तुला? "काकांनी. जुलैमध्येच."

तीन महिने तिला माहीत होतं. मी तिच्यापासून लपवत होते, आणि ती माझ्यापासून.

तुला जायचंय का, विचारलं. खांदे उडवले. गुजराती पोरी उडवतात तसे. "मला कोणी विचारलंच नाही तर मी काय सांगू."

१२ ऑक्टोबर

यांना वैशूचं सांगितलं. म्हणाले, "मग आपुन राही जाऊत का आठेच?"

यांच्या तोंडून हे येईल असं वाटलं नव्हतं. आता यांना राहायचंय, आणि मलाच कळत नाही की कशाच्या जोरावर राहायचं. पोरीच्या हाताच्या? यांची मिल सुरू होईल की नाही माहीत नाही. ताटं पुरतात तेवढीच पुरतात. त्यात वरचं काही निघत नाही.

१७ ऑक्टोबर

गावी निघालो. उधना स्टेशनवर अख्खं नवागाम. पॅसेंजरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. नंदुरबारपर्यंत वैशू पत्र्याच्या पेटीवर बसली. जिभाऊ त्याच डब्यात, दुसऱ्या टोकाला. आम्ही उतरताना त्यांनी लांबून हात केला.

खोलीला कुलूप. पातेलं शोभाताईकडे.

१९ ऑक्टोबर, गाव

लक्ष्मीपूजन. सासूबाईंनी मागची खोली स्वतः सारवलीय. भिंतींना चुना दिलाय. खुंटीवर वैशूचं दप्तर अडकवायला जागा, खिडकीत माझ्यासाठी आरसा. नवा. बाजारातून आणलाय.

आम्ही राहणार म्हणून.

मी आरशाकडे बघत उभी राहिले. त्या मागून आल्या. "बरा शे ना?" मी म्हटलं, छान आहे. त्यांचा हात कापतो आता. चुना देताना कितीदा कापला असेल.

२२ ऑक्टोबर

गावात सगळं स्वस्त असेल असं मी सुरतेत बसून समजत होते. इथेही कांदा नाही, तेल तसंच. फक्त इथे कांद्याऐवजी दुसरं काही कुणी शोधत नाही, नसेल तर ती भाजीच करत नाहीत. सासूबाई दोन वेळा उडदाच्या डाळीवर आहेत. किती दिवसांपासून, विचारलं नाही.

मी रस्सा केला, बिनकांद्याचा, दाणे-तिळाचा. त्यांनी बोटाने चाखला. "यामा काय टाकं?" सांगितलं. पुन्हा चाखला. "सुरतमा शिकनी का?" म्हटलं, कुणी शिकवलं नाही, पडलं तसं केलं.

वैशू शेजारच्या मुलींबरोबर नदीवर जाऊन आली. कपडे ओले. हसत होती. इथे तिच्यामागे ताटं नाहीत. अंगणात बसून दोन तास अभ्यास केला. कुणी सांगितलं नव्हतं.

हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं पण. आणि नवागामात तिला हे मिळणार नाही, हेही कळलं.

२४ ऑक्टोबर

हे आज निघाले. मिलचं बघायला, आणि खोलीचं. आम्ही दोघी मागून. की नाही, ते ठरवायचं.

सासूबाई रात्रीचं आवरताना म्हणाल्या, "पोरगीले मनाजोडे ठेव. तू जाय. त्याले तठे कोन रांधी दी?"

मी ताटं रचत राहिले.

"मनी तिन्ही पोरे मीच वाढाई. हाई एक काय जड शे?"

जड नाही. त्यांना जड नाही. तिला ठेवून जाणं मलाच.

२६ ऑक्टोबर

गावची शाळा बघून आले. सातवीपर्यंतच. पुढे तालुक्याला एसटीने. सुरतेतली मराठी शाळा पण सातवीपर्यंतच, पुढे फी. दोन्हीकडे पुढचं वर्ष पुन्हा प्रश्नच. मास्तर म्हणाले आणा, अर्ध्या वर्षात पण घेऊ. चांगले वाटले.

परत येताना वाटेत थांबले. एक बाई ओळखीची, विचारते, "कायमनी उनी का?" मी म्हटलं, बघू.

१ नोव्हेंबर

सुरतेहून फोन आला, किराणा दुकानात. दुकानवाल्याचा पोरगा बोलवायला आला, धावत गेले. हे होते.

मिल सुरू, पण यांचं नाव अजून लागलं नाही. रोज गेटवर जातात. कमळाबेनने खोली पंधरा तारखेपर्यंत धरलीय. आणि खरी गंमत, हे रांधतात. खिचडी. जिभाऊ, प्रल्हाद, संजय, तिघांसाठी. साक्रीचे दोघं भाऊ पण परत आलेत, सहावा अजून गावीच. "खिचडी नि कढी. कढी फुटस माले," म्हणाले.

दही घालताना स्टोव्ह बारीक करा, म्हटलं. बेसन लावा आधी दह्याला.

"बरं." मग मागून कुणाचा तरी आवाज, प्रल्हादच असणार, "वहिनीले इचारा कधी येतात."

यांनी विचारलं नाही. म्हणाले, "वैशू कशी शे?"

चांगली आहे म्हटलं. अभ्यास करते.

"मग राहू दे ना तिले," म्हणाले. आणि मग, "तिले इचार."

मिनिटं संपत होती, दुकानदार माझ्याकडे बघत होता. ठेवला.

२ नोव्हेंबर

विचारलं. विहिरीवर, दोघीच होतो.

सगळं सांगितलं. न लपवता. तिथे ताटं असतील, जागा नसेल, पप्पांच्या मिलचं नक्की नाही. इथे आजी, अंगण, पण मम्मी नाही. तुझ्यावर सोडत नाहीये, पण तुला काय वाटतं ते मला कळायला हवं.

दोर ओढत राहिली. मग म्हणाली, "तू गेलीस तर ताटं कोण धुणार?"

ते मी बघेन, म्हटलं. शोभाताईला पैसे देईन.

"परवडेल?"

तेरा वर्षांची पोर. परवडेल का विचारते.

आपल्याला काय वाटतं ते न सांगताच घागर उचलून पुढे चालू लागली.

३ नोव्हेंबर

सासूबाईंशी बोलले. वैशूला विचारलं असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरेसले इचारतस का कधी?" रागाने नाही, नवल वाटून. मग म्हणाल्या, "माले कोनी इचारं नही कधी."

त्यानंतर दोघी बराच वेळ शेंगा फोडत बसलो.

४ नोव्हेंबर, स्टेशन

बाकावर बसून लिहिते आहे. मी सुरतेला चाललेय, एवढं नक्की. पॅसेंजर उशिरा आहे. सासूबाई पण आल्यात, नको म्हटलं तरी. एका फडक्यात उडदाची डाळ बांधून दिलीय, आणि थोडे शेंगदाणे, भाजून. त्या रश्श्यासाठी.

वैशूची पेटी आणली आहे. तिनेच भरली. पण काय ठरवलंय ते सांगितलं नाही. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं. आजीच्या मांडीला टेकून बसलीय, आणि नजर सिग्नलवर.

तिकिटाच्या खिडकीवर बाबूने विचारलं, किती? दोन म्हटलं. दोन्ही पूर्ण. एक वाया गेलं तर जाऊ दे. असं मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही.

आत्ता पुन्हा विचारलं. म्हणाली,

"गाडी तर येऊ दे, मम्मी."

सिग्नल पडला, गाडी येतेय.